मृगाचा पाऊस किती जुना? : मराठी कृषिकाव्यातील पर्जन्यनक्षत्रे व त्यांचा काळ

पावसाविषयीची जी यमकबद्ध वचने मराठी खेड्यांतून रूढ आहेत, त्यांच्या संग्रहांच्या प्रस्तावनांतून एक विधान हमखास भेटते. ही वचने हजारो वर्षांची असून वराहमिहिरादी आचार्यांचे शास्त्रच त्यांच्या द्वारे बहुजनांपर्यंत उतरले आहे, असे ते विधान होय. ते वारंवार उच्चारले गेल्यामुळे त्याला प्रमाणाची गरज आहे ही जाणीवही आता उरलेली दिसत नाही. कृषिजीवनाच्या इतिहासावर लिहिणारे आमचे काही विद्यार्थी सातवाहनकालीन शेतीचे वर्णन करताना मृग-आर्द्रांची वचने निःशंकपणे पुरावा म्हणून देतात. हा पुरावा त्या काळास लागू पडतो काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही गणना ज्या तत्त्वावर उभी आहे ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शेतकऱ्याचे नक्षत्र हे सूर्याचे नक्षत्र होय. क्रांतिवृत्ताचे सत्तावीस समान भाग केले असता प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो व तो ओलांडण्यास सूर्याला सुमारे साडेतेरा दिवस लागतात. आजच्या पंचांगांप्रमाणे सूर्य ७-८ जूनच्या सुमारास मृगात, २१-२२ जूनला आर्द्रात, ५-६ जुलैला पुनर्वसूत, १९-२० जुलैला पुष्यात प्रवेश करतो. आणि ह्याच क्रमाने आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा ही नक्षत्रे ओलांडून सप्टेंबरच्या अखेरीस हस्तात येतो. मृगापासून हस्तापर्यंतची ही नऊ नक्षत्रे पावसाची मुख्य नक्षत्रे मानली जातात. चित्रा व स्वाती ह्यांना रब्बीच्या दृष्टीने महत्त्व आहे.

महिने असताना शेतकऱ्याने नक्षत्रे का धरली असावीत? ह्याचे कारण चांद्रमासाच्या स्वभावात आहे. अधिकमासामुळे ज्येष्ठाचा किंवा आषाढाचा आरंभ एका वर्षी लवकर, तर दुसऱ्या वर्षी जवळजवळ महिन्याने उशिरा येऊ शकतो. सणांना ते चालते. पेरणीला चालत नाही. सूर्यनक्षत्र मात्र दरवर्षी एखाद्या दिवसाच्या फरकाने त्याच सुमारास येते. ज्याला बियाणे मातीत टाकावयाचे आहे त्याला ही स्थिरता हवी होती. म्हणून व्रतवैकल्ये तिथीने आणि नांगर-पाभर नक्षत्राने, अशी दुहेरी कालगणना एकाच घरात नांदत आली.

परंतु ही स्थिरता पूर्ण नाही, आणि आमच्या प्रश्नाची किल्ली नेमकी येथे आहे. आमची पंचांगे निरयन आहेत, म्हणजे ती ताऱ्यांच्या संदर्भात मोजतात; ऋतू मात्र संपातबिंदूच्या संदर्भात घडतात. संपात दरवर्षी सुमारे ५० विकलांनी मागे सरकतो. निरयन वर्ष सायन वर्षाहून जवळजवळ वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश ऋतुचक्रात सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरतो. एका नक्षत्राचे पूर्ण अंतर कापण्यास साडेनऊशेहून थोडी अधिक वर्षे लागतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. ते स्वतः सायन गणनेचे पुरस्कर्ते होते. ह्या वादातील धर्मशास्त्रीय भाग येथे सोडून देतो. त्यातील अंकगणित तेवढे आमच्या कामाचे आहे.

आजच्या ग्रेगरियन तारखांनी मागे मोजत गेल्यास मृगप्रवेश १७५० च्या सुमारास ४ जूनला, १५०० च्या सुमारास मेच्या शेवटच्या किंवा जूनच्या पहिल्या दिवशी, इ. स. १००० च्या सुमारास २४-२५ मे रोजी आणि वराहमिहिराच्या, म्हणजे सहाव्या शतकात, मेच्या मध्यास, फार तर १८ मेपर्यंत येतो. गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वर (शके १४४२, इ. स. १५२०) आधारलेल्या जुन्या पंचांगांचे वर्षमान किंचित मोठे असल्यामुळे त्यांत हा सरक साठ वर्षांत एक दिवस इतका पडतो, त्याने वरील तारखांत दोनचार दिवसांचा फरक होईल, निष्कर्षात होणार नाही.

मोसमी पाऊस सूर्याच्या सायन गतीशी बांधलेला असल्यामुळे त्याच्या आगमनाची सरासरी वेळ दीड हजार वर्षांत कित्येक आठवड्यांनी बदलली नसावी, हे येथे गृहीत आहे. २०२० साली हवामानखात्याने सुधारून दिलेल्या तारखांनुसार मुंबईस त्याचे आगमन सरासरीने ११ जूनला होते. तेव्हा दख्खनमध्ये ‘मृग म्हणजे पहिला पाऊस’ हे समीकरण आज चोख जुळते, शिवकाळात व पेशवाईत जुळत होते, पंधराव्या-सोळाव्या शतकांत नक्षत्राच्या उत्तरार्धाला धरून जुळले असते. परंतु यादवकाळाच्या आरंभी ते डळमळते आणि वराहमिहिराच्या काळी तर सर्वथा अशक्य ठरते. त्या काळी मृगाचे दिवस हे ऐन वैशाखवणव्याचे दिवस होते.

वराहमिहिराला स्वतःला ह्या सरकण्याची कल्पना होती. पूर्वी दक्षिणायन आश्लेषांच्या अर्ध्यापासून होत असे असे शास्त्रांत सांगितले आहे, आपल्या काळी मात्र ते कर्कारंभापासून होते, असे तो ‘बृहत्संहिते’त नमूद करतो. कर्कारंभ म्हणजे पुनर्वसूचा चौथा चरण. आज दक्षिणायन मृगाच्या अगदी अखेरीस, आर्द्राप्रवेशाच्या तोंडाशी सुरू होते. जे नक्षत्र आचार्याला पावसाच्या पुष्कळ अलीकडे दिसत होते, ते आम्हाला पावसाच्या दारात उभे दिसते.

येथे असा आक्षेप येईल की, ‘बृहत्संहिते’तही पर्जन्याचा विचार रोहिणी, स्वाती, पूर्वाषाढा ह्या नक्षत्रांनीच केलेला आहे. तो आहे खरा. परंतु तेथे नक्षत्रे चंद्राची आहेत. ज्येष्ठी पौर्णिमेनंतर पूर्वाषाढेपासून कोणत्या चंद्रनक्षत्रात किती पाऊस पडतो ह्यावरून पुढील पर्जन्याचे मान काढावे, आषाढात चंद्राचा रोहिणीशी योग होतो तेव्हा वारा व मेघ पाहावेत, मेघांच्या गर्भधारणेपासून १९५ दिवसांनी प्रसव होतो, अशी ती पद्धती आहे. तीत रोहिणीयोग म्हणजे आषाढातील एक दिवस. शेतकऱ्याची रोहिणी म्हणजे मेच्या अखेरचे साडेतेरा दिवस. नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत. नामसाम्यावरून परंपरा जोडण्याचा मोह किती घातक असतो ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यास मला मिळालेले नाही.

हीच गोष्ट देशभेदानेही पडताळता येते. उत्तरेत घाघ व भड्डरी ह्यांच्या नावांवर मोडणाऱ्या वचनांचा संग्रह रामनरेश त्रिपाठी ह्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील भड्डरी, राजस्थान-गुजरातेतील भडली आणि आमच्याकडील सहदेव-भाडळीतील भाडळी ही एकाच नामकुळातील आहेत हे उघड आहे. भाडळीचे कूळ व तिचे सहदेवाशी नाते निरनिराळ्या कथांत निरनिराळे सांगितले जाते. नाव प्रवास करीत आले, पण आशय तसाच आला काय? अवध-भोजपुराकडील वचनांत मृगशिरा तापावी अशी अपेक्षा आहे. त्या दिवसांच्या दाहाला तिकडे ‘मिरगडाह’ असे नावच आहे, आणि पावसाचा आरंभ आर्द्राकडे दिलेला आहे. कारण त्या प्रदेशात मोसमी पाऊस जूनच्या मध्यानंतर पोचतो. आमच्या शेतकऱ्याने मृग कोरडा जावा असे कधी मागितलेले नाही. तेव्हा मराठी वचने उत्तरेकडील वचनांची भाषांतरे नव्हेत. साचा आला असेल, भाडळीचे नाव आले असेल. मजकूर मात्र इथल्या आभाळाकडे पाहून भरलेला आहे.

आणखी एक साक्षीदार आहे, तो अगदी लहान. पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा तांबडा मखमली जीव मराठीत ‘मृगाचा किडा’ म्हणून ओळखला जातो. (त्याला आठ पाय असल्याने प्राणिशास्त्र त्याला कीटक म्हणणार नाही, भाषेला त्याची फिकीर नाही.) संस्कृत काव्यात हाच जीव ‘इंद्रगोप’ म्हणून येतो, रामायणातील किष्किंधाकांडाच्या वर्षावर्णनात तो आहे. इंद्रगोप हे नाव पावसाच्या देवतेशी जोडलेले आहे, कोणत्याही नक्षत्राशी नाही. मराठी नाव नक्षत्राशी जोडलेले आहे. मृग आणि पहिला पाऊस ह्यांची गाठ पडू लागल्यानंतरच असे नाव पडू शकते, म्हणजेच ते गेल्या काही शतकांतले असले पाहिजे.

आता भाषेच्या पुराव्याकडे वळू. खगोलगणित आम्ही दुसऱ्याकडून उसने घेतले आहे. हा पुरावा मात्र आमच्या घरचा.

नक्षत्रांची नावे प्राकृतकाळापासून शेतकऱ्याच्या तोंडी अखंड असती, तर त्यांच्यावर मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचे नेहमीचे संस्कार झालेले दिसले असते. ऋकार मृत्तिकेत जाऊन ‘माती’ झाला, तृणात ‘तण’, शृंगात ‘शिंग’. दोन स्वरांमधील गकार प्राकृतात लोपला. ह्या दोन्ही नियमांनी ‘मृग’ शब्दात ना रेफ उरावयास हवा, ना गकार. प्रत्यक्षात ग्रामीण उच्चार ‘मिरग’ असा आहे. दोन्ही व्यंजने शाबूत असून संयोग तेवढा स्वरभक्तीने सोडविला आहे. हे अर्धतत्सम रूप होय. ते पूर्वजांकडून कानोकान आलेले नसून संस्कृत उच्चारणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेले आहे.

आर्द्रेचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. ‘आर्द्र’ शब्दाची अद्द, अल्ल, उल्ल, ओल्ल अशी प्राकृत रूपे हेमचंद्राने दिली आहेत. त्यांतील ‘ओल्ल’ मराठीत ‘ओल’ व ‘ओला’ होऊन आला. आर्द्रकाचे ‘अल्लअ’ होऊन ‘आले’ झाले. म्हणजे शब्द म्हणून आर्द्र मराठी शेतकऱ्याकडे वारसाहक्काने आलेला आहेच. ढेकूळ फोडून तो ओल पाहतो तेव्हा तोच शब्द उच्चारतो. परंतु नक्षत्राला तो ‘ओली’ म्हणत नाही. त्याला तो आर्द्रा किंवा ‘आडदरा’ म्हणतो. नक्षत्राचे नाव आणि मातीची ओल एकाच धातुकुळातील आहेत ह्याचा त्याला पत्ता नाही, कारण एक शब्द घरातून आला आणि दुसरा पोथीतून.

महिन्यांच्या नावांशी तुलना करावी. भाद्रपदाचा ‘भादवा’ हा ‘भद्दवअ’ ह्या प्राकृत रूपातून रीतसर उतरलेला तद्भव आहे. सर्वच महिने असे नाहीत. ‘आखाड’ ह्या रूपात षकाराचा ख झालेला असून ते ‘विख’, ‘दोख’, ‘हरिख’ ह्या अर्धतत्समांच्या पंक्तीत बसते. तरी महिन्यांच्या यादीत तद्भवांचा एक जुना थर स्पष्ट दिसतो. पर्जन्यनक्षत्रांच्या यादीत तो दिसत नाही. मघा, पूर्वा, उत्तरा, चित्रा, स्वाती ही नावे तर जवळजवळ अविकृत आहेत.

ही नावे कोणी आणून दिली असतील, ह्याचे उत्तर गावगाड्यातच सापडते. बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत जोशी आहे. पंचांग सांगणे हे त्याचे काम आणि खळ्यावरील धान्याचा वाटा हे त्याचे वेतन. अमुक दिवशी सूर्य अमुक नक्षत्रात जातो, वाहन अमुक आहे, हे त्याने सांगावे आणि कुणब्याने ऐकावे. संस्कृत नाव शेतापर्यंत पोचण्याचा हा रस्ता होता, व तो सुस्थिर ग्रामव्यवस्थेच्या काळातील रस्ता आहे.

ऐकणाऱ्याने मात्र ऐकून घेण्यावर भागविले नाही. जोश्याने दिलेल्या नावांवर त्याने आपली नावे चढविली. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ झाला, पुष्याचा ‘म्हातारा’. आश्लेषाचे ‘आसळका’ झाले. मघांचा पाऊस सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा ठरला. ह्या नावांत ज्योतिषाचा लेश नाही. पाऊस कसा येतो, किती टिकतो, कोणाशी चढाओढ करतो हे त्यांत पाहिले आहे, आणि सासू-सुनांची जोडी ठेवणारे मन बहुधा जात्यावर बसणारे आहे. पुनर्वसू व पुष्य ही एकामागून एक येणारी नक्षत्रे. त्यांना तारुण्य व वार्धक्य वाटून देणारा कोणी एक कवी असलाच पाहिजे, परंतु त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

यमकांचाही पुरावा घेता येतो. मघांशी ‘बघा’, चित्राशी ‘कुत्रा’, स्वातीशी ‘मोती’ ही यमके सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘बघणे’ हे क्रियापद हिंदी-गुजरातीत नाही. तेव्हा पहिले यमक मराठीतच जन्मले. दुसऱ्याविषयी थोडे सावध राहिले पाहिजे, कारण प्राकृत ‘चित्ता’शी ‘कुत्ता’ जुळू शकतो; परंतु त्रकार ठेवणारे ‘कुत्रा’ हे रूप मराठीचे आहे आणि तत्सम ‘चित्रा’शी ते अधिक नेटके बसते. तिसरे यमक तेवढे उसने आहे. स्वातीच्या थेंबाचा शिंपल्यात मोती होतो हा संस्कृत कवींचा जुना संकेत. मराठी वचनाने समुद्र सोडून तो रानात आणला आणि मोती म्हणजे कणसातला दाणा केला. हा बदल मला मोठा वाटतो. अलंकारशास्त्रातील कल्पनेला येथे प्रथमच काही उत्पन्न मिळाले.

मग ह्या नक्षत्रवचनांच्या पूर्वी दख्खनच्या शेतकऱ्याला कविता नव्हती काय? होती, आणि ती भारतात अन्यत्र क्वचितच मिळेल इतकी जुनी आहे. हालाच्या नावावरील ‘गाथासप्तशती’ माहाराष्ट्री प्राकृतातील असून तिचा गाभा सातवाहनकालीन मानला जातो. नंतरची भर तीत पुष्कळ आहे. स. आ. जोगळेकर ह्यांची मराठी आवृत्ती १९५६ पासून उपलब्ध असताना आमचे विद्यार्थी तिकडे शृंगाराखेरीज अन्य हेतूने वळत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. गाथांतून हालिक आहे, पामर आहे, गोदाकाठ आहे, ताग, साळ आणि कापूस आहे. एका गाथेत माघाच्या थंडीत पामर आपले पांघरूण विकून बैल घेतो. बायकोच्या उबेवर भिस्त ठेवून त्याने हा व्यवहार केला असे कवी मिस्किलपणे सुचवितो. रसिक त्या सूचनेवर थांबतात. इतिहासाच्या अभ्यासकाने व्यवहारावर थांबावे : पांघरुणाच्या मोलाने बैल घ्यावा लागावा अशी ती निकड आहे. शब्दाच्या अभ्यासकाने ‘बइल्ल’ ह्या देशी शब्दावर थांबावे, कारण तो आजच्या ‘बैला’चा पूर्वज असून संस्कृत बलीवर्दाला बाजूस सारून शेतात टिकला आहे.

ह्या गाथांत काळाची खूण मुख्यतः महिना, ऋतू, ढग आणि पिकाचा रंग ह्यांवरून दिली जाते. साळी पांढुरक्या पडल्या की शरद सरली. कालिदासही ह्याच पद्धतीचा आहे. ‘ऋतुसंहारा’त तो सहा ऋतू ग्रीष्मापासून मोजतो, ‘मेघदूता’त आषाढाचा दिवस सांगतो आणि नुकत्याच नांगरलेल्या शेताचा वास व मेघाकडे आशेने पाहणाऱ्या शेतकरीणी एका श्लोकात टिपतो. सातवाहनकालीन शेतीसाठी पुरावा हवा असेल तर तो ह्या गाथांत शोधावा. तेथे तो आहे.

संतवाङ्मयात नांगरणी, पेरणी, राखण, मळणी ह्यांची रूपके विपुल आहेत; पण तेथे शेत हे बहुधा देहाचे किंवा चित्ताचे असते, आणि ऋतूची नेमकी वेळ सांगण्याचे कवीला कारण पडत नाही. नागर निसर्गकवितेने पुन्हा महिन्याकडे धाव घेतली. बालकवींचा (१८९०-१९१८) श्रावण हा पाहणाऱ्याचा श्रावण आहे, पेरणाऱ्याचा नव्हे. ह्यात उणेपणा नाही. केवळ उभे राहण्याची जागा वेगळी आहे.

बहिणाबाई चौधरींचे (१८८०-१९५१) स्थान ह्या सर्वांत निराळे पडते. खानदेशातील असोदे गावच्या ह्या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, सोपानदेव चौधरी व आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने ग्रंथरूप झाली. तिच्या कवितेत वर्षाचा क्रम लावावयाचा झाल्यास तो पेरनी, कापनी, रगडनी, उपननी ह्या शीर्षकांनीच लागतो. ही चारही नामे क्रियावाचक आहेत. काळ येथे ग्रहगतीने मोजलेला नसून हाताच्या कामाने मोजलेला आहे. पंचांगावाचून चालणारी ही गणना दर सत्तर वर्षांनी एक दिवस चुकत नाही, कारण पाऊस पुढे गेला तर पेरणीही त्याच्याबरोबर पुढे जाते. मुखपरंपरेने नक्षत्रवचनांच्या बाबतीतही हेच केले असावे. जे वचन जुळेनासे झाले ते विसरले गेले, जे जुळू लागले ते नव्याने रचले गेले, आणि नवे जुन्याच्या नावावर खपले. सहाव्या शतकात कोणी ‘पुनर्वसूत पेरा’ असे म्हणालाही असेल; ते वचन आज आपल्यापर्यंत येण्याचे काही कारण नव्हते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. अलीकडे मृग कोरडा जातो म्हणून अयनचलनाकडे बोट दाखविण्याची टूम निघाली आहे. एका माणसाच्या आयुष्यात हा सरक एक दिवसाचा आहे. तो कोणाही शेतकऱ्याच्या अनुभवास येणे शक्य नाही. पाच-सहा वर्षांतील मृगाच्या लहरीची कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत. शतकांचे मोजमाप वर्षांना लावू नये. १९५२ मध्ये नेमलेल्या, मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने सायन महिन्यांचे राष्ट्रीय पंचांग सुचविले व ते २२ मार्च १९५७ पासून शासकीय व्यवहारात आले. परंतु खेड्यातील नक्षत्रे त्यामुळे जागची हलली नाहीत.

हस्त नक्षत्राचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. हस्त म्हणजे हात. त्याचा तद्भव ‘हात’ मराठीत आहे. परंतु नक्षत्राच्या पावसाला लोक ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात, आणि ह्याच दिवसांत मुली हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती हादगा खेळतात. हस्त आणि हस्ती ह्यांचा घोटाळा झाला हे स्पष्ट आहे. तो घोटाळा ‘हत्थ’ व ‘हत्थि’ ह्या प्राकृत रूपांच्या जवळिकीतून झाला असेल, तर नक्षत्रनामांपैकी निदान एक नाव प्राकृतकाळापासून लोकांच्या तोंडी होते असे मानावे लागेल आणि वरील विवेचनाला तेवढा अपवाद करावा लागेल. उलट, तो जोश्याच्या ‘हस्त’ ह्या उच्चाराचा अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या परीने लावल्यामुळे झाला असेल, तर तो अर्वाचीन ठरेल. कोकण, देश, वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा येथील बोलींतून ह्या एका नक्षत्राच्या नावाचे उच्चार गावोगाव टिपून घेतल्यास हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत करता येईल असे हे काम आहे, आणि ते हस्त लागलेला असताना, सप्टेंबरच्या अखेरीपासून दसऱ्याच्या सुमारास, केल्यास माहिती सांगणारी माणसेही घरी भेटतील.